पित्ताशय, बासरमार्गे

पित्ताशयात खडे झाले तर काय करता येतं, हे आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. दुखत नसेल तर काहीच करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. काही जातीचे बारीक खडे गोळ्यांनी विरघळतात, पण त्याला फार काळ लागतो आणि गोळ्या थांबल्या की खडे परत येऊ शकतात. आणि माझ्यासारखं वारंवार दुखत असेल तर पोटाला बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीनं, खड्यांसकट सगळी पिशवीच काढून टाकायची. एवढंच त्यांना माहीत होतं. आमच्या गावी, बेल्याला परत आल्यावर मला कळलं की त्यांचं ज्ञान फारच अपुरं आहे.

"नुसते खडे काढून पिशवी ठेवता नाही येत का?" मी विचारलं होतं. पिशवी आपली असली की जीव गुंततो.

"रख के क्या करेंगे अम्मा? वो फिर से पत्थर बनाएगी."

मग मी पिशवीशिवाय माणूस जगतो का, तिची जागा रिकामी राहिली तर तिथं दुसरं काही सरकतं का, हे सगळं विचारून घेतलं. शेवटी खरा प्रश्न विचारला, की दामिनीला कडेवर कधी घेता येईल. दामिनी तीन वर्षांची आहे. तिचे पाय उत्तम आहेत, पण ते तिनं अजून फारसे वापरलेले नाहीत. काही आठवडे वजन उचलायचं नाही, असं बाई म्हणाल्या. पण टाळू मात्र नका. आणखी एक जोराचा झटका आला, पिशवी सुजली किंवा खडा नळीत अडकला, तर सोपं ऑपरेशन अवघड होऊन बसेल.

घरी आल्यावर मी ही गोष्ट फक्त सासूबाईंना सांगितली. सासूबाईंनी ती फक्त मथुराबाईंना सांगितली, कारण आमचं त्यांचं कुंपण एक आहे. संध्याकाळी माझे यजमान राजकुमार शाळेतून परतले, तेव्हा त्यांना पानठेल्यावरच सगळं कळलेलं होतं, आणि तेही माझ्यापेक्षा जास्त तपशिलानं.

पहिले आले बाबाराव. हे आमच्या गल्लीतले खड्यांचे जाणकार. त्यांना मुतखडा झाला होता, तो पडला, आणि तो त्यांनी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवला आहे. येताना बाटली बरोबर होती.

"कुळथीचं पानी घ्या, वैनी. दोन टाइम. हे पाहा, असा गुळगुळीत होऊन पडते."

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. मी दामिनीची पाटी ओढली, मूत्रपिंड काढलं, यकृत काढलं, त्याखाली पित्ताशय काढलं आणि दोन्हींचे रस्ते कसे वेगळे, ते बाणांनी दाखवलं. दामिनीनं तेवढ्यात निम्मं यकृत पुसलं. बाबारावांनी उरलेलं चित्र नीट पाहिलं.

"पन पोट त एकच हाय ना," ते म्हणाले.

पोट खरोखरच एक होतं.

मथुराबाईंनी पानफुटीची पानं आणली. राजकुमारांच्या एका सहकारी गुरुजींनी बिअर सुचवली, आणि ती आणून देण्याची तयारीही दाखवली, फक्त मी कितपत पिईन आणि उरलेलीचं काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सासरे चंपतराव मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ पाहतात; बोंडअळीवरून मोबाईल त्यांना आपोआप पित्ताशयावर घेऊन गेला. वाटीभर तेलात लिंबू पिळून प्यायचं आणि उजव्या कुशीवर झोपायचं, सकाळी खडे पडतात. मी म्हटलं, "बाबा, ते पडतात ते खडे नसतात, त्याच तेलाचे गोळे असतात."

"मंग तेलाचे त पडतीन," असं म्हणून ते वाटी ठेवून गेले.

हे सगळं मी निभावलं असतं. पण एक दिवस माझा हिरवा ब्लाउज दोरीवरून नाहीसा झाला, आणि त्याच दिवशी सासूबाईही दिसेनाशा झाल्या. दोघं संध्याकाळी बरोबरच परत आली.

पैनगंगेच्या पलीकडे एका गावात एक माणूस तोंडानं ओढून पोटातले खडे काढतो. रोग्यानं जायलाच पाहिजे असं नाही, अंगावरचं कापड चालतं. त्यानं माझ्या ब्लाउजला तोंड लावून खडे ओढले आणि पितळी ताटलीत टाकले. सासूबाईंनी ते कागदात बांधून आणले होते. मी निरखून पाहिले. आमच्या रस्त्याच्या कामावर जी बारीक चुरी पडली आहे, तिच्याशी त्यांचं रंगरूप तंतोतंत जुळत होतं. पण सासूबाई उन्हातून, गाड्या बदलत, उपाशी जाऊन आल्या होत्या. त्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती, आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"हो आई," मी म्हटलं, "हलकं वाटतंय."

झालं. सुनयनाचे खडे निघाले, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या बेल्याला माहीत होतं. आता ऑपरेशन करणं म्हणजे सासूबाईंना भर गावात खोटं पाडणं. शिवाय एकाच मुलीवर सुनेनं कसलंतरी ऑपरेशन करून घेतलं म्हटलं, की कसलं ते विचारायला गाव थांबत नाही. खडे मात्र जागेवरच होते. पोळीला तूप लागलं की ते मला आतून आठवण करून देत.

तेव्हा राजकुमारांनी आणि मी ठरवलं, गुपचूप करायचं. पण शासनाच्या आरोग्य कार्डात माझं नाव नव्हतं. ते माहेरच्या रेशनकार्डात होतं, पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात; आमचं बेला तेलंगणात. तिथलं कमी झाल्याशिवाय इथं चढत नाही, आणि इथं चढल्याचा कागद दाखवल्याशिवाय तिथलं कमी होत नाही. म्हणजे सरकारी हिशेबानं मी लग्नापासून पैनगंगेच्या पात्रात उभी होते. माहेरच्या तालुक्यातले बाबू मनानं चांगले होते. ते म्हणाले, "ताई, मयतीचा दाखला आणला असता तर आजच्या आज झालं असतं." राजकुमारांनी ही सूचना लिहून घेतली, हे मला आवडलं नाही.

खेटे घालून घालून अखेर नाव चढलं, ऑपरेशनची मंजुरी आली, आणि ती आली नेमकी वसंत पंचमीच्या दिवसाची. त्या दिवशी अर्धा जिल्हा बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलेला असतो, म्हणून ऑपरेशनचं टेबल मोकळं होतं. तारीख चुकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"सोपं आहे," राजकुमार म्हणाले. "दामिनीला अक्षराभ्यासाला बासरला नेतो म्हणून सांगू. दोन-तीन दिवस मुक्काम म्हणू. निघायचं आणि आदिलाबादलाच उतरायचं."

पंचमीला बासरला देवीसमोर बसवून लेकराच्या हातून पहिलं अक्षर काढून घ्यायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. खोटं असं असावं की कोणाला शंका येऊ नये. या कसोटीला हे खोटं इतकं उत्तम उतरलं, की शंका तर कोणी घेतली नाहीच, उलट सगळे यायला निघाले.

"नातीचं पयलं अक्षर, अन आजी घरी?" सासूबाई म्हणाल्या. "असं कुठी रायते का?"

मथुराबाईंचा जुना नवस राहिला होता. बाबारावांनी गाडीत जागा असेल तर येतो म्हटलं. जागा नव्हती, कारण गाडीच नव्हती. तेव्हा त्यांनी गावातल्या लखनची जीप ठरवून जागा करून दिली. मी म्हटलं, पंचमीला फार गर्दी असते, दामिनीला गाडी लागते, मलाही लागते.

"म्हनूनच त मानसं पायजेत संगं," मथुराबाई म्हणाल्या.

मी राजकुमारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आदिलाबाद येईपर्यंत काहीतरी सुचेल." हे शिक्षक आहेत. तपासणीला साहेब येणार असले, की शाळेतही ते हेच म्हणतात.

पंचमीला पहाटेच जीप निघाली. ऑपरेशनसाठी मी रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मथुराबाईंनी सगळ्यांना दाखवलं, "पाहा, आजकालच्या पोरी. देवीसाठी निर्जळी." सासूबाईंनी माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मला खड्यांपेक्षा ते जास्त टोचलं.

आदिलाबाद आलं. लखननं चहासाठी जीप थांबवली ती बरोबर माझ्या दवाखान्यासमोर. रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर, माझी खाट होती. सगळे उतरून चहा घेऊ लागले. मी राजकुमारांकडे पाहत होते, ते माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं ते सांगतील. त्यांना वाटलं मी सांगेन. या अवधीत त्यांनी दोन चहा घेतले. मग त्यांचा मोबाईल वाजला. समोरच्याच इमारतीतून फोन होता, पेशंट कुठं आहे म्हणून.

"हो हो," राजकुमार इमारतीकडे पाठ करून म्हणाले. "निघालोय. रस्त्यातच आहोत."

"कोन होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"भटजी."

जीप निघाली. दवाखाना मागं जाताना मी खिडकीतून पाहत होते. गेटवरच्या पहारेकऱ्यानं दामिनीला हात हलवला, दामिनीनं त्याला हलवला. आमच्यापैकी तेवढाच एक जण रीतसर निरोप घेऊन निघाला.

बासरला रांग गोदावरीपर्यंत गेली असावी असं वाटत होतं. आत मांडवात शेकडो लेकरं आईबापांच्या मांडीवर बसून एकाच वेळी रडत होती. पुजाऱ्यांनी दामिनीचा हात धरून पाटीवर तेलुगू अक्षरं काढायला सुरुवात केली, तसा राजकुमारांमधला मराठी शाळेचा मास्तर जागा झाला. त्यांच्या वर्गात मुलं कमी होत चालली आहेत, त्यामुळे एकेका अक्षराला ते जपतात. "मराठीतून काढता येईल का?" त्यांनी हिंदीत विचारलं. पुजारी म्हणाले, "देवी को सब समझता." मागची रांग मात्र समजून घेईना. शेवटी पाटीच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मराठी असा तोडगा निघाला, आणि दामिनीनं दोन्ही बाजू तितक्याच जिव्हाळ्यानं चाटल्या.

दर्शनानंतर झाडाखाली पंगत बसली. मथुराबाईंनी घरून पुऱ्या तळून आणल्या होत्या, बटाट्याची भाजी होती, शिरा होता. मी म्हटलं, मला नको, फळं घेते.

"आता कायची भीती?" सासूबाई म्हणाल्या. "खडे त निघाले. रातपासून उपाशी हाय पोरगी." आणि त्यांनी पुरीचा घास करून माझ्या तोंडासमोर धरला.

इथं वाचकानं माझी अडचण समजून घ्यावी. तो घास नाकारणं म्हणजे खडे आत आहेत असं सांगणं. खडे आत आहेत म्हणजे ब्लाउज खोटा. ब्लाउज खोटा म्हणजे सासूबाईंची ती धूळ फुकट. मी घास घेतला. मग दुसरा. खरं सांगायचं तर भूकही सपाटून लागली होती, आणि मथुराबाई शिरा चांगला करतात.

तासाभरानं उजव्या बरगडीखाली कोणीतरी मूठ आवळावी तसं सुरू झालं. मग ती कळ पाठीत गेली, तिथून खांद्यात. मी उलटी केली. बाबाराव म्हणाले, गाडी लागली. जीप उभी होती.

दामिनी कडेवर घे म्हणून हात वर करून उभी होती आणि मला वाकताही येईना. ती रडली नाही, नुसती पाहत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली. मी राजकुमारांना म्हटलं, "आता बोला नाहीतर मी बोलते." ते तेव्हाही बोलले नाहीत, पण लखनला जीप काढायला सांगितली, ते चांगलं केलं.

गोदावरीच्या पुलावरून पलीकडे निजामाबादला एका दवाखान्यात मला आडवं केलं. जीपमधली सगळी मंडळी खाटेभोवती उभी राहिली. सोनोग्राफी झाली. पिशवी सुजली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधीचे रिपोर्ट मागितले, राजकुमारांनी मोबाईल दिला. डॉक्टर वाचत गेले आणि थांबले.

"आज सुबह तो आपका आपरेशन था. आदिलाबाद में."

"जी," मी म्हटलं.

"तो आप बासर में क्या कर रहे थे?"

"अक्षराभ्यास," राजकुमार म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य.

सासूबाईंना हिंदी बोलता येत नाही, पण कापूस विकून विकून कळतं सगळं. मथुराबाईंनी तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी दामिनीला त्यांच्या हातात दिलं. "चला, बाहीर व्हा सगळे. लेकराले बिस्कुट द्या."

सगळे गेले. सासूबाई स्टुलावर बसल्या. सलाईनकडे पाहत म्हणाल्या, "सकाळी चहाले थांबलो, तवा तुही खाट समोर तयार होती."

"हो, आई."

"अन मी सगळ्याइले सांगून राह्यली, पोरगी किती देवाची हाय."

मी डोक्यावरचा पदर चाचपला.

"मंग पुरी काऊन खाल्ली?"

"तुम्हीच म्हणालात, आता कायची भीती, खडे निघाले."

"म्या म्हनलं म्हून का झालं?" त्या म्हणाल्या. "तू बी.एस्सी. हायेस ना?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या पदवीचा या घरात हा पहिला उल्लेख.

मी म्हटलं, "आई, तुम्ही एवढ्या लांब गेल्या होत्या. कसं म्हणू की निघाले नाहीत?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी कान देऊन नाही ना, याची खात्री केली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ते खडे मलेबी रस्त्यावरचेच वाटले होते. पन तू म्हनली, हलकं वाटते. म्या म्हनलं, शिकेल पोरगी हाय, तिले कळत असन."

एकमेकींचं मन राखण्याच्या भरात आम्ही माझं पित्ताशय इथवर आणलं होतं.

डॉक्टर परत आले. ते म्हणाले, औषधं सुरू केली आहेत, उद्या-परवा काढून टाकणं चांगलं. राजकुमारांना मंजुरी आठवली. "आदिलाबादला नेलं तर? नाव तिकडं..."

"जीपमधी घालून?" सासूबाई उभ्या राहिल्या. "काढा जी, इथंच काढा." हे त्यांनी मराठीत सांगितलं, पण डॉक्टरांना पूर्ण कळलं.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, की तातडीच्या पेशंटची मंजुरी फोनवर मिळते. ती त्याच संध्याकाळी मिळाली. म्हणजे रीतसर, वेळेवर, कागद जमवून आजारी पडण्यापेक्षा एकदम कोसळलेलं सोयीचं. राजकुमार त्या मुलीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.

ऑपरेशन नीट झालं. मी घरी येईपर्यंत दामिनी आजीजवळ झोपली, आजीच्या हातून जेवली, आणि मला भेटायला आली तेव्हा चालत आली. मला आनंद व्हायला हवा होता. तो होण्याआधी दुसरंच काहीतरी झालं, पण टाके होते म्हणून मी रडले नाही.

गावात काय सांगायचं, हे सासूबाईंनी ठरवलं. सूनबाईला देवीच्या पायाशी नेलं, राहिलेसाहिले खडे देवीनं खाली उतरवले, आणि डॉक्टरनं लगेच वेचून घेतले. यात कोणी खोटं पडत नव्हतं, पैनगंगेपलीकडचा तो माणूससुद्धा. मी दुरुस्ती सुचवली नाही. मला फक्त एवढंच माहीत नव्हतं, की ही उपचारपद्धती आता गावात रूढ होणार आहे.

होळीच्या सुमारास मथुराबाईंनी सोनोग्राफी करून घेतली. एक खडा निघाला, बारीक, कधी न दुखलेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं, काहीच करू नका, नुसतं लक्ष ठेवा. मथुराबाईंना हा अपमान वाटला. त्यांनी लखनची जीप सांगून ठेवली आणि आमच्या अंगणात येऊन बसल्या.

"आधी बासर. मंग जेवन. मंग निजामाबाद. बराबर ना?" त्यांनी मला विचारलं. "पुऱ्या किती खाल्ल्या होत्या तुवा? तेवढ्याच खातो म्या."

मी पाटी शोधू लागले. तोच सासूबाई तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "पुरी कुठी खाल्ली तिनं? भाकर होती. कोरडी. म्याच चारली."

पुऱ्या मथुराबाईंनी स्वतः तळल्या होत्या, स्वतः वाढल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोरडी," मी म्हटलं. "ज्वारीची."

मथुराबाई बराच वेळ विचार करत बसल्या. आम्ही दोघी सुपात पाहत होतो.

"व्हय का," त्या शेवटी म्हणाल्या. "माह्याच ध्यानात रायलं नसन." आणि भाकर बासरलाच खावी लागते की घरी खाल्ली तरी चालते, ते विचारू लागल्या.

"घरीच चालते," सासूबाई आणि मी एकदम म्हणालो.